आणीबाणीतील स्थानबद्धता आणि व्यक्तिस्वातंत्र्य : प्रभाकर संझगिरी खटल्याचा अभ्यास

प्रस्तावना :
राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी शासनास विशेष अधिकार द्यावे लागतात. मात्र त्यांची मर्यादा कोणी व कशी ठरवावी, हा लोकशाहीपुढील मूलभूत प्रश्न आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाची कसोटी एका मराठी विज्ञानग्रंथाच्या हस्तलिखितावरून लागली.

पार्श्वभूमी :
चिनी आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी देशात आणीबाणी घोषित झाली. ३ नोव्हेंबर १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ व २२ मधील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला. परंतु या आदेशाला एक अट होती : हक्काचा संकोच भारत संरक्षण कायद्यान्वये किंवा त्याखालील नियमांन्वये झालेला असला पाहिजे.

खटला व निर्णय :
मार्क्सवादी कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी या नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी शासनाच्या परवानगीने ‘अणूच्या अंतरंगात’ हा ग्रंथ लिहिला. प्रकाशनासाठी हस्तलिखित बाहेर पाठविण्याची परवानगी मात्र शासनाने मार्च १९६५ मध्ये नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तलिखित पाठविण्यास अनुकूल निर्णय दिला. त्यावर शासनाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. स्थानबद्धास नियमांनी दिलेल्या सवलतींपलीकडे कोणताही हक्क नाही, असा शासनाचा युक्तिवाद होता.

६ सप्टेंबर १९६५ रोजी न्या. सुब्बा राव यांनी तो अमान्य केला. स्थानबद्धतेच्या अटी म्हणजे सवलतींची यादी नसून स्वातंत्र्यावरील निर्बंध होत. नियमात नसलेला निर्बंध लादणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होय, असे न्यायालयाने ठरविले. निर्बंधच नियमबाह्य असल्याने राष्ट्रपतींच्या आदेशाचे संरक्षण शासनास मिळाले नाही.

पुढील परिणाम :
२७ जून १९७५ च्या आदेशात मात्र तशी अट नव्हती. त्यामुळे २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले, न्या. एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. जानेवारी १९७७ मध्ये भानुदास गावडे प्रकरणात याच फरकाच्या आधारे तुरुंगातील वागणुकीसंबंधीच्या तक्रारीही अग्राह्य ठरल्या. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात जबलपूरचा निर्णय रद्दबातल ठरला.

निष्कर्ष :
१९६५ मध्ये न्यायालयाला हस्तक्षेप करता आला तो आदेशातील एका अटीमुळे. दहा वर्षांनी शासनाने ती अट गाळली आणि संरक्षणही संपले. यावरून हक्कांचे रक्षण शासनाच्या आदेशाच्या शब्दरचनेवर सोपविता येत नाही, ते राज्यघटनेतच असावे लागते, हे स्पष्ट होते. मात्र सल्लागार मंडळाच्या मताविना स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारी ४४ व्या दुरुस्तीतील तरतूद अद्याप अंमलात आलेली नाही. तेवढ्यापुरता हा समतोल आजही अपूर्ण आहे.