धर्मनिष्ठेची दुहेरी कसोटी : रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९)

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याचा प्रॉटेस्टंट मिशनांशी संबंध जुना आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये बाणकोट येथे कार्यास आरंभ केला व पुढे हर्णै हेही त्याचे केंद्र झाले. याच जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात ना. वा. टिळक यांचा जन्म झाला. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्याच्या वाचनातून त्यांचे मतपरिवर्तन होत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. या निष्ठेची परीक्षा स्वकीयांच्या विरोधाने व स्वतःच्या धर्मसंस्थेशी झालेल्या मतभेदांनी, अशी दोन बाजूंनी झाली. तिचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वकीयांचा विरोध

धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने सुरक्षित झाला होता. परंतु पंगत, पाणी आणि नातेसंबंध यांचे रक्षण कायदा करू शकत नव्हता. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. हा विरह चार वर्षांहून अधिक काळ चालला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग ६ महिने त्याग केल्यास विवाहविच्छेदासाठी न्यायालयात जाण्याची तरतूद १८६६ च्या कायद्यात होती. टिळकांनी तो मार्ग स्वीकारला नाही. त्यांनी धर्म सोडला नाही आणि पत्नीलाही सोडले नाही.

पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे पतीकडे आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सांभाळले व स्वयंपाक वेगळा ठेवला. एकाच घरात दोन निष्ठा नांदल्या. कालांतराने लक्ष्मीबाईंचे विचार बदलले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या काळाचे मुख्य साधन म्हणजे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र. ते १९३४ पासून, म्हणजे टिळकांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्यात पतीचा गौरव आहे, तसाच त्यांच्या निर्णयाची कुटुंबाला मोजावी लागलेली किंमतही आहे. म्हणूनच इतिहासलेखनात त्याचे मोल मोठे आहे.

धर्मसंस्थेशी मतभेद

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्यरत होते व १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तथापि ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. तुकारामांच्या अभंगवाणीशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. अभंग, भजन व कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन करून त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेण्याचा विचार मांडला. बाप्तिस्मा हे मंडळीचे प्रवेशद्वार मानले जात असल्याने ही कल्पना वादग्रस्त ठरणे अपरिहार्य होते. या उदारतेमुळे शिकवणुकीची सीमारेषा पुसट होईल, ही शंका निराधार म्हणता येणार नाही. टिळकांची भूमिका मात्र वेगळी होती. ख्रिस्तावरील श्रद्धा हा गाभा आणि संस्थेची रचना हे त्याचे बाह्य आवरण, असा भेद ते करीत होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग बाल्यावस्थेतच राहिला.

निष्कर्ष

स्वकीयांनी टिळकांकडून जुन्या धर्माची अपेक्षा केली, तर मिशनच्या व्यवस्थेने रूढ चौकटीची. त्यांनी पहिल्यासमोर श्रद्धा सोडली नाही आणि दुसरीसमोर भाषा व संस्कृती सोडली नाही. धर्मनिष्ठा म्हणजे केवळ विरोध सहन करणे नव्हे. श्रद्धेत अढळ काय व बदलण्याजोगे काय, याचा विवेकही तिच्यात अंतर्भूत असतो. लक्ष्मीबाईंच्या निर्णयासाठी वाट पाहणाऱ्या टिळकांच्या बाबतीत दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर हाही त्याच विवेकाचा भाग ठरतो.