खैरात नव्हे, देणे

शाहबानो निकालानंतर १९८६ चा कायदा आला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सांगितला : तलाक दिलेल्या पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद पतीने इद्दतीच्या मुदतीतच करावी.

आपल्या कोकणात याची कसोटी लागली. २००८ च्या तलाकनंतर चिपळूणच्या न्यायालयाने एका भगिनीला ४,३२,००० रुपये मंजूर केले. खेडच्या सत्र न्यायालयाने ते ९ लाख केले. तिने दुसरा निकाह केला, आता देणे लागत नाही, असे माजी पतीचे म्हणणे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. महिन्याची पोटगी पुनर्विवाहाने थांबते. ही तरतूद मात्र तलाकच्या दिवशीच ठरते. देण्यास उशीर केला म्हणून कर्ज घटत नाही.