बावखलांचा इतिहास

राज्यकर्त्यांचा इतिहास वसईच्या कोटात वाचावा. आमच्या पूर्वजांचा मात्र बावखलांच्या काठी. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकिली. कोटात फिरंगी कुलीनांचे वाडे होते. बाहेर सामवेदी, वाडवळ आदी आमच्या लोकांनी केळीच्या व पानवेलीच्या वाड्या शिंपिल्या. राज्ये पालटली, पाणी टिकले. पुढे इमारतींसाठी बावखले बुजविली गेली, टँकरांनी पाणी उपसले, विहिरी खारावल्या. रहाटाची कुरकुर ऐकलेले आम्ही नळाची वाट पाहू लागलो. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'हरित वसई' चळवळीत सर्वधर्मीय एकवटले. बंधुभगिनींनो, पूर्वजांचे ऋण फेडावयाचे तर उरलेली बावखले राखिली पाहिजेत.