खडी, दाखला आणि लेकरं

दिवाळी सरली की नगरजवळच्या भिंगारमधून जाणाऱ्या पाथर्डी रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रकांची वर्दळ वाढते. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, कोयते, एखादी शेळी आणि गोधड्यांच्या ढिगावर बसलेली दोन-तीन पोरं. पाथर्डी-शेवगावकडची आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातली ही कुटुंबं ऊसतोडीला निघालेली असतात. टोळीच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाची उचल फेडायची तर दोघांनी पाच-सहा महिने राबायचं. ट्रॉलीत न दिसणारी पोरं गावाकडं आजी-आजोबांपाशी असतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. बरोबर न्यावं तर शाळा बुडते, मागं ठेवावं तर जीव तुटतो. नगर जिल्ह्याच्याच उत्तरेला, प्रवरानगरला, १९५० साली देशाला दिशा देणारा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेतली माणसं मात्र अजून ऊस तोडायलाच बाहेर पडतात.

भिंगार नगर शहरापेक्षा जुनं. अहमद निजामशहानं १४९० साली बहामनी फौजेला हरवलं ते भिंगारजवळ, आणि त्या रणभूमीशेजारीच पुढं अहमदनगर वसलं. औरंगजेब १७०७ मध्ये वारला तो इथल्याच छावणीत. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं भुईकोट किल्ला घेतला आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजांची लष्करी छावणी कायमची बसली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी भिंगारची ओळख ‘कॅम्प’ अशीच राहिली आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हे गाव डोकावतं ते लढाई नाहीतर लष्कर यांच्या निमित्तानं. पण या मुलखाचा आणखी एक इतिहास आहे. पोराबाळांच्या तोंडी घास पडत नाही म्हणून सरकारच्या दारी गेलेल्या आई-बापांचा. सरकारनं त्यांना काय दिलं, याच्या नोंदी सापडतात. देताना त्यांच्याकडून काय मागून घेतलं, हे त्या नोंदींच्या ओळींमधून वाचावं लागतं.

सुरुवात १८७६च्या दुष्काळापासून करावी. त्याच्या आदल्या वर्षी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. ते लोण श्रीगोंदा, पारनेर, कर्जतपर्यंत आलं होतं. म्हणजे पाऊस दडी मारण्याआधीच घरं कर्जानं पोखरलेली होती. पाऊस गेला आणि सरकारनं दुष्काळी कामं काढली. सुरुवातीचा रोज पुरुषाला २ आणे, बाईला दीड आणा आणि काम करू शकणाऱ्या पोराला १ आणा.

हा शेवटचा आकडा जरा थांबून वाचावा. पोराच्या हाती टोपलं दिलं तर घरात एक आणा जास्त येणार. न दिलं तर त्याच्याच वाट्याची भाकर कमी होणार. बापानं यातलं काय निवडावं?

जानेवारी १८७७ मध्ये हा रोजही कापला गेला. हिंदुस्थान सरकारनं दुष्काळी भागांच्या पाहणीला पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबानुसार पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढंच मिळू लागलं. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि त्यावर दिवसभर माती उपसायची. तेव्हा दख्खनच्या जिल्ह्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. उपाशी असलेल्या हजारो माणसांनी दुष्काळी कामावर बहिष्कार टाकला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. दौंड-मनमाड हा लोहमार्ग याच दुष्काळातलं काम. १८७८ मध्ये तो सुरू झाला आणि नगर रेल्वेच्या नकाशावर आलं. आज नगरहून रेल्वेनं जाणाऱ्या माणसाच्या पायाखालचा तो भराव त्या मजुरीवर रचलेला आहे.

१८७७ मध्येच जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. दुष्काळात होरपळलेल्या मुलांना तिथं जेवण मिळे. त्यासाठी आई-बापाला आपली लायकी सिद्ध करावी लागत नव्हती.

सरकारी मदतीचा विचार वेगळ्या पायावर उभा होता. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता आल्या. त्यांच्यामागचं तत्त्व असं: मदत खऱ्या गरजूलाच मिळावी, आणि गरजू ओळखायचा तर काम कष्टाचं हवं, मजुरी जेमतेम जगण्यापुरती हवी. ज्याच्यापुढं दुसरा काही मार्ग आहे तो असल्या कामावर येणारच नाही, असा त्यामागचा तर्क. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अपंगांना फुकट मदतीची सोय संहितेत होती, कामावरच्या मजुरांच्या लहान मुलांना खाऊ घालण्याचीही होती. पण धडधाकट आई-बापाला आपलं दारिद्र्य घाम गाळून शाबीत करावं लागे. दारिद्र्याची लाज लोकांच्या मनात आपोआप उगवली, असं म्हणून चालणार नाही. ती नियमातच पेरलेली होती.

१८९९-१९००चा दुष्काळ लोकांच्या तोंडी ‘छप्पनचा’ म्हणून राहिला. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं, आणि या दुष्काळात त्यांच्या वसतिगृहांत शेकडो मुलं आली. न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं, त्यातला दाणा मिशनांच्या हातून वाटला गेला. नगरच्या पेटिट औद्योगिक शाळेत पोरं सुतारकाम शिकली, गालिचे विणायला शिकली. त्यांतल्या सगळ्यांचीच आई-बाप मेलेली नव्हती. काहींची जिवंत होती आणि त्यांनी स्वतः पोर आणून सोडलं होतं. मिशनच्या अहवालांत मुलांची संख्या, खर्च, शाळेची प्रगती असं सगळं येतं. पोर सोडून पाठ फिरवणाऱ्या माणसाच्या मनाचा रकाना कुठल्याच अहवालात नसतो. त्याला गावात दोन प्रश्न ऐकावे लागत असणार: पोर विकलंस का, आणि धर्म बाटवलास का? पोर वाचलं, हे उत्तर त्या दोन्ही प्रश्नांपुढं तोकडं पडत असणार.

मग थेट १९७२. सलग तीन वर्षं पावसानं ओढ दिली होती. नगर जिल्ह्यातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही ‘बहात्तर’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलाव, नालाबांध, आणि रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. ज्यांच्या वाड्यावर कधी चार गडी राबत होते त्या घरच्या बायकाही तोंडावर पदर ओढून खडी फोडायला बसल्या. हजेरीपटावर नाव घालताना मुकादम आडनाव मोठ्यानं उच्चारी, तेव्हा कित्येकींनी मान खाली घातली. सुकडी मात्र त्या स्वतः खात नसत. पदरात बांधून घरी नेत. बहात्तरची आठवण सांगणारी, तेव्हा पोरसवदा असलेली माणसं भुकेआधी त्या सुकडीची गोडी सांगतात. आईनं ती खाल्ली नव्हती हे त्यांना पुढं कळलं.

या दुष्काळानं एक मोठा फेरही घडवला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता: जो काम मागेल त्याला काम. बहात्तरच्या अनुभवानं त्याला बळ दिलं. त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागूनही मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. तो दिवसाला एक रुपया होता, पण त्या रुपयानं नातं बदललं. संहितेत माणूस मदतीला लायक ठरायचा, या कायद्यात तो मागणीचा अर्ज करू लागला. हातात तोच घण, समोर तीच खडी, तरी बोलीत ‘दुष्काळी काम’ जाऊन ‘हमीचं काम’ आलं. केंद्राचा २००५चा कायदा याच वाटेनं गेला. त्यात आणखी एक तरतूद होती: कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिलाही मजुरी द्यायची. १८७७ मध्ये पोर मजूर म्हणून मोजलं गेलं होतं. ते सांभाळण्यासाठी मजुरी द्यायची तरतूद केंद्राच्या कायद्यात यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

रोजगार हमीचा भर खेड्यांवर. छावणी मंडळाच्या हद्दीतल्या भिंगारकराच्या वाट्याला खडीऐवजी दाखला आला. विधवा, परित्यक्ता, अपंग, निराधार यांच्यासाठी राज्यानं १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. सदर बाजारातल्या भाड्याच्या खोलीत राहून चार घरची धुणीभांडी करणारी बाई या योजनेसाठी तहसील कार्यालयात जाते, तेव्हा तिला उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यावर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. वर्षं गेली, महागाई वाढली, तिच्यासारख्यांसाठीचा हा आकडा मात्र बरीच वर्षं जागचा हलला नाही.

त्याचा हिशेब मांडून पाहावा. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला ५८ रुपयांच्या आत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली. त्या दरानं खेड्यातल्या एखाद्या विधवेला शंभर दिवस पूर्ण काम मिळालं तर तिच्या हाती ३१,२०० येतील. म्हणजे सरकारनंच कायद्यानं कबूल केलेलं काम पुरतं केलं, तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेत ती बसत नाही. रेशनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं अन्नसुरक्षेसाठी शहरात ५९,००० आणि खेड्यात ४४,००० रुपये ही मर्यादा. एकच घर एका खिडकीवर गरीब ठरतं आणि दुसऱ्या खिडकीवर ठरत नाही.

यातून आई-बापाच्या मनाला जो काच बसतो तो बाहेरच्याला सहसा दिसत नाही. दाखल्यावरचा आकडा आणि खिशातला आकडा जुळत नाही, हे सही करणाऱ्याला ठाऊक असतं, दाखला घेणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. तरी ‘आपण खोटं लिहिलं’ ही टोचणी तिलाच लागते, कारण अंगठा तिचा असतो. मग पोरानं नवे बूट मागितले तर ‘लोक काय म्हणतील, अनुदान घेते आणि बूट आणते’ अशी भीती. न आणावेत तर पोराच्या पायाकडं बघवत नाही. निराधार योजनेचं अनुदान १,००० वरून २०२३ मध्ये १,५०० झालं, पण बँकेत ते कुठल्या तारखेला पडेल याचा भरवसा नसतो. म्हणून वाण्याची उधारी, बचत गटाचा हप्ता आणि शाळेची फी यांत कुणाला आधी थोपवायचं, हा दर महिन्याचा सवाल उरतोच.

करोनात हे दुखणं एकदम हजारो घरांत शिरलं. राज्य सरकारनं दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली. एकच पालक गेलेल्या घरांना ती नव्हती, आणि अशीच घरं कितीतरी जास्त होती. अकोले तालुक्यातले शिक्षक आणि कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी करोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या माध्यमातून या बायकांचा प्रश्न लावून धरला. त्यातून जुनी बालसंगोपन योजना पुन्हा चर्चेत आली. मूल अनाथालयात न पाठवता घरीच वाढावं यासाठी महिन्याला थोडी रक्कम द्यायची, एवढीच तिची कल्पना. ही रक्कम कधी ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली आणि २०२३ मध्ये २,२५०. छप्पनच्या दुष्काळात पोर दारात सोडून गेलेल्या आई-बापाला जे हवं होतं, ते हेच.

२०२४च्या जूनमध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या २१ ते ६५ वर्षांच्या बायकांना महिना १,५००. पहिल्यांदाच मदत घेणारी बाई कुणी वेगळी उरली नाही, गल्लीतल्या बहुतेकींच्या खात्यात पैसे पडले आणि त्यांच्या गप्पा पारावर उघड होऊ लागल्या. पण फेब्रुवारी २०२५ पर्यंत पाच लाख बायका अपात्र ठरल्या. त्यांतल्या २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेच्या लाभार्थी होत्या, म्हणजे आधीच निराधार म्हणून नोंदलेल्या. दिलेले पैसे परत घेणार नाही, असं सरकारनं सांगितलं. तरी घेतलेल्या पैशांची चौकशी होईल या धास्तीनं कितीतरी घरांत पासबुकं पुन्हा पुन्हा उघडली गेली.

ज्यांच्या शेजारात, वर्गात किंवा कामावर एकट्या पालकाचं मूल असेल, त्यांनी एवढं जरूर सांगावं: बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा असतो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि शाळेचं बोनाफाईड तयार ठेवावं. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत हा लाभ मिळू शकतो.