चालकाचा ताबा सुटल्यानं...

मराठी वर्तमानपत्रांत अपघाताच्या बातमीचं एक ठरलेलं वाक्य आहे: 'चालकाचा ताबा सुटल्याने गाडी दुभाजकावर आदळली.' वाक्य खोटं नसतं, पण त्यात कर्ता एकच असतो, चालक. दुभाजकाचं तोंड काँक्रीटचं आणि उघडं का होतं, रात्री ते दिसत होतं का, रस्ता तिथेच अचानक अरुंद का झाला, हे प्रश्न त्या वाक्यात मावत नाहीत. सरकारी तक्त्यांचीही तीच गत. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालात त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या एका रकान्यात जमा आहेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकच बटण शेकडो लोकांनी चुकून दाबलं, तर बटणाची जागा चुकली असं धरून चालतात. रस्त्यांच्या बाबतीत हा विचार कधी आला आणि कोणी आणला, हे मी वाचायला घेतलं. त्या वाचनात सगळ्यात आधी भेटला तो न्यूयॉर्कमधला टीव्ही दुरुस्त करणारा एक माणूस.

त्याचं नाव जोसेफ लिंको, राहायला ब्राँक्स भागात. १९५६च्या कायद्यानंतर अमेरिकेत इंटरस्टेट महामार्गांचं जाळं झपाट्यानं पसरत होतं. रुंद, सरळ, जगानं हेवा करावा असे रस्ते. तरीही त्यांवर माणसं मरत होती आणि दोष अर्थातच चालकाचा होता. १९६५मध्ये राल्फ नेडर यांनी पुस्तक लिहून बोट गाडीच्या रचनेकडे वळवलं आणि १९६६मध्ये सुरक्षेचे कायदे झाले. रस्ता मात्र अजून आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर होता.

लिंकोकडे इंजिनियरिंगची पदवी नव्हती, कॅमेरा होता. महामार्गांवरून जाताना तो कडेच्या गोष्टींचे फोटो काढत गेला. पाटी उभी करण्यासाठी जमिनीतून वर आलेला काँक्रीटचा ठोकळा. गाडीला वाचवण्यासाठी लावलेलं, पण सुरुवातीचं टोक भाल्यासारखं पुढे आलेलं गार्डरेल. पुलाच्या कठड्याला न जोडता अलीकडेच संपलेलं दुसरं गार्डरेल, म्हणजे घसरलेली गाडी थेट कठड्याच्या तोंडावर. १९६७मध्ये जॉन ब्लॅटनिक यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीपुढे त्यानं हे फोटो दाखवले आणि साक्ष दिली. नुकत्याच खुल्या झालेल्या कोऱ्या रस्त्यांवरही तेच सापळे आहेत, हे समितीच्या सुनावणीत समोर आलं. जुन्या चुका नव्या नकाशांत जशाच्या तशा कॉपी-पेस्ट होत होत्या.

त्या काळात एक उत्तर जनरल मोटर्सच्या चाचणी-मैदानावर तयार होत होतं. तिथे केनेथ स्टोनेक्स हे इंजिनियर काम करत. मैदानावर बाहेरची रहदारी नाही, चालक सगळे पगारी आणि सरावातले, तरी गाड्या रस्ता सोडून बाहेर जातच. मग त्यांनी माणसाला सुधारण्याऐवजी रस्त्याची कड सुधारली. झाडं, खांब, दगड हटवले, उतार सपाट केले. रस्ता सोडलेल्या गाड्यांपैकी सुमारे ८० टक्के गाड्या तीस फुटांच्या आत सावरतात, असं या नोंदींवरून दिसलं. तेवढी पट्टी मोकळी ठेवा, हा नियम त्यातूनच पुढे आला. टेक्सासमधल्या संशोधकांनी धडकेत बुंध्यातून सुटून येणारे पाटीचे खांब बनवले. गाडी वाचावी म्हणून मुद्दाम मोडणारा खांब! मला ही कल्पना फार आवडते. सावरायला जागा ठेवणारी ही रचना इंग्रजीत 'फर्गिव्हिंग' म्हणून ओळखली गेली. आपण तिला पदरात घेणारा रस्ता म्हणू.

पण लिंकोची पद्धत चूक बांधून झाल्यावरची होती. आमच्या भाषेत, सॉफ्टवेअर लोकांच्या हातात गेल्यावर सापडलेला बग. चूक कागदावर असतानाच पकडायची पद्धत ब्रिटनमध्ये तयार झाली. १९७४च्या कायद्यानं तिथल्या स्थानिक प्रशासनांवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या: झालेल्या अपघातांचा अभ्यास करा, आणि नवा रस्ता बांधताना अपघाताची शक्यता कमी करा. पहिली जबाबदारी समजायला सोपी होती. दुसरी पार पाडायची कशी?

केंट परगण्याच्या रस्ते खात्यातल्या माल्कम बुलपिट यांना याचं उत्तर रेल्वेच्या इतिहासात मिळालं. ब्रिटनमध्ये १८४० साली रेल्वे निरीक्षकांचं खातं सुरू झालं. त्यात लष्कराच्या रॉयल इंजिनियर्समधले अधिकारी असत. नवी लाइन प्रवाशांसाठी खुली होण्याआधी ते स्वतः जाऊन ती तपासत, आणि १८४२च्या कायद्यानं धोकादायक लाइनचं उद्घाटन लांबवण्याची ताकद सरकारला मिळाली. यातली मेख अशी की तपासणारा माणूस बांधणाऱ्याच्या पगारावर नाही. स्वतःच्या नकाशातली चूक स्वतःला दिसत नाही, कारण आपण कागदाऐवजी मनातलं चित्र वाचत असतो. स्वतःचा कोड स्वतःच तपासून पाहिलेल्या कोणालाही हे पटवून द्यावं लागणार नाही.

१९८०च्या दशकात केंटमध्ये हीच रीत रस्त्यांना लागू झाली आणि तिला 'रोड सेफ्टी ऑडिट' म्हणू लागले. १९९०मध्ये तिथल्या महामार्ग इंजिनियरांच्या संस्थेनं मार्गदर्शिका काढली, आणि एप्रिल १९९१पासून ब्रिटनच्या मुख्य महामार्गांसाठी ऑडिट सक्तीचं झालं. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मग २००८च्या निर्देशानं युरोपीय संघ, असं ते पसरत गेलं.

ऑडिट होतं कसं? प्राथमिक आराखडा, तपशीलवार नकाशे आणि खुला होण्याआधीचा तयार रस्ता अशा टप्प्यांवर एक स्वतंत्र चमू सगळं पाहतो. दिवसा पाहतो, रात्रीही पाहतो. रस्त्याची रुंदी नियमात बसते का, हे तपासणं त्याचं मुख्य काम नाही. तो स्वतःला वापरणाऱ्यांच्या जागी ठेवतो. पावसात रात्री पहिल्यांदाच येणारा ट्रकवाला, शाळेतून निघालेली मुलगी, काठी टेकत रस्ता ओलांडणारे आजोबा. प्रत्येक नियम पाळूनही रस्ता जीवघेणा असू शकतो, कारण दोन निर्दोष गोष्टी शेजारी आल्या की धोका तयार होतो: नियमातलं वळण आणि नियमातलीच, पण त्या वळणाआड लपलेली पाटी. चमू धोक्यांची यादी देतो. रस्त्याच्या मालकानं प्रत्येक मुद्दा एकतर मान्य करायचा, नाहीतर का नाकारला याचं कारण लिहून द्यायचं.

या शतकाच्या सुरुवातीला त्यात मोजमाप आलं. आधी युरोपात आणि मग 'आयरॅप' या संस्थेमार्फत जगभर रस्त्यांना तारे मिळू लागले. रस्त्याचं चित्रीकरण करायचं, दर शंभर मीटरला पन्नासच्या आसपास गोष्टी नोंदवायच्या, त्यावरून एक ते पाच तारे. खरी गंमत म्हणजे गाडीतला माणूस, दुचाकीवाला, सायकलवाला आणि पायी चालणारा यांचे तारे वेगवेगळे. एकच रस्ता गाडीसाठी चार ताऱ्यांचा आणि चालणाऱ्यासाठी एका ताऱ्याचा असू शकतो. 'रस्ता मस्त झालाय' असं कोणी म्हणालं की मी आता मनात विचारतो, कोणासाठी?

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसनं ऑडिटची पुस्तिका २०१०मध्ये काढली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्याआधीचा, २००२मध्ये पूर्ण खुला झालेला. या रस्त्यानं मराठी माणसाकडून बरंच काही नेलं. २००१मध्ये भक्ती बर्वे, २०१२मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे. २०१६ या एका वर्षात तिथे १५१ मृत्यू झाले. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांनी मिळून रस्त्याची इंच-इंच तपासणी हाती घेतली. उघडे काँक्रीटचे खांब क्रॅश बॅरियरनं झाकणं, दुभाजकातल्या फटी बुजवणं, अशी ही लिंकोच्या फोटोंत शोभतील अशी कामं. नंतरच्या वर्षांत मृत्यू शंभराच्या आत आले. एप्रिल २०२०मध्ये घाटातला १८३०चा अमृतांजन पूल पाडला, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. मलाही वाटली. पण त्याच्या दगडी खांबांमधून द्रुतगती मार्ग आवळून जात होता, हेही खरं.

सप्टेंबर २०२२मध्ये पालघरच्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींसह दोघं गेले. मागच्या सीटवर पट्टा नव्हता, यावर देशभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या पुलाजवळ तीन पदरी रस्ता दोन पदरी होतो आणि काँक्रीटचा कठडा पुढ्यात येतो, याची चर्चा तुलनेनं थोडी झाली. पट्टा न लावणं ही एका माणसाची एका दिवसाची चूक. कठडा तिथून जाणाऱ्या प्रत्येकासाठी रोज तिथेच उभा असतो.

आता आपल्या व्याख्या पाहा. राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा 'ब्लॅक स्पॉट' ठरायला तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा माणसं मरावी लागतात. म्हणजे जागा धोकादायक आहे हे सिद्ध करायला लागणारा पुरावा माणसांचाच. ऑडिटचा सगळा इतिहास या पुराव्याची गरज संपवण्याचा आहे.

२०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १९८-अ हे कलम आलं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न बांधल्यानं वा न राखल्यानं कोणी मेलं किंवा कायमचं जायबंदी झालं, तर संबंधित यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे. तरी आपल्या कायद्याच्या वाक्यात चालकाशेजारी पहिल्यांदाच दुसरा कर्ता आला. आता पोलिसांच्या पंचनाम्यात आणि बातमीच्या पहिल्या ओळीतही त्याला जागा मिळायला हवी. लिंकोला एक कॅमेरा पुरला होता. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज तो आहे.