तीन क्विंटल कापसाचा कॅमेरा

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शेजारच्या दादांची पोरगी माहेरी आली होती. तिला वणीकडं दिली आहे. तिचं लेकरू लाकडाचा नंदी ओढत आमच्या ओसरीवर आलं, त्याच्यामागं ती आली. चहा झाला. मग म्हणाली, "काका, बाबाचा तो पोळ्याचा फोटो तुमच्याजवळ असंल ना? अख्खा?"

मी म्हणालो, "पाहतो."

पाहण्यासारखं काही उरलं नाही हे मला ठाऊक होतं. तरी रात्री टिनाची पेटी काढून बसलो. माझ्या लग्नाचे फोटो निघाले, १९८४ चे, कडा पिवळ्या पडलेले पण चेहरे साफ. बापाचा ग्रामपंचायतीतला ग्रुप फोटो निघाला. २००७ सालचा मात्र एकही नाही. त्या साली तर मी सगळ्यांत जास्त फोटो काढले होते. ही गोष्ट मला रात्रभर बोचत राहिली, म्हणून आमच्या गावात फोटो कसा आला आणि कसा गेला ते लिहायला घेतलं.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. माझ्या लहानपणी फोटो म्हणजे यवतमाळला जाऊन स्टुडिओत काढायची वस्तू. लग्न ठरवायचं असेल तर पोरीचा एक फोटो, पाठीमागं पडद्यावर रंगवलेला बगिचा, बाजूला स्टुलावर प्लास्टिकची फुलं. म्हाताऱ्या माणसांना फोटोचं भय वाटायचं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं माझी आजी मानत होती. तिचा एकही फोटो नाही. ती कशी दिसायची हे सांगणारा आता गावात मीच एक उरलो असेन.

गावातला पहिला कॅमेरा आमच्या मास्तरांचा, आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. काळा डबा, १२० चा रोल, एका रोलात चौकोनी बारा फोटो. ऊन का ढग एवढंच त्याला सांगायचं. बारा फोटोंत पंधरा ऑगस्ट, गॅदरिंग आणि मास्तरांच्या घरचं बारसं बसवायचं असे. एकेका फोटोसाठी आम्हा पोरांना अर्धा अर्धा तास उन्हात उभं करत, आणि तेवढ्यात कोणी नाक पुसलं तर सगळ्यांसमोर शिव्या खायला लागत.

पुढं १९८० नंतर हॉटशॉट आला, त्याच्या मागून कोडॅकचा केबी-१०. हे हौशी माणसाचे कॅमेरे, डोळ्याला लावा अन् दाबा. माझ्या साळ्यानं हॉटशॉट घेतला होता. १९९४ साली आमच्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन निघणार, डिझेल लागणार, अशी खबर आली तेव्हा मी त्याचा कॅमेरा मागून आणला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज गाडी इंग्रज कंपनीची, आणि इंजिन मँचेस्टरचं, १९२१ सालचं. रोलात चार फोटो बाकी होते. तीन हलले. एक नीट आला, इंजिन धूर सोडतंय अन् खाली माझा थोरला पोरगा तोंडात बोट घालून उभा आहे. रोल धुवायला टाकला की आठ दिवस वाट पाहायची, छपाईचे पैसे वेगळे, आणि जे फसलं त्याचेही पैसे. तो फोटो पेटीत आहे.

गावातल्या बहुतेक बायांचा पहिला फोटो मात्र सरकारनं काढला. १९९३ साली टी. एन. शेषन यांनी मतदार ओळखपत्राचा आदेश काढला, त्यानंतर शाळेत रांगा लागल्या. माझी माय डोक्यावरचा पदर सरकवायला तयार नव्हती. "मले काय थोबाड दाखवून मत द्यायचं हाय?" म्हणाली. फोटो निघाला तेव्हा तिचे डोळे मिटलेले. ती गेल्यावर त्याच तिकिटाएवढ्या फोटोवरून स्टुडिओवाल्यानं मोठा करून दिला. डोळे त्यानं संगणकावर उघडले. ते डोळे माझ्या मायचे नाहीत, पण भिंतीवर तेच आहेत.

आता डिजिटलचं. या कॅमेऱ्याचा मूळ पुरुष अमेरिकेत कोडॅक कंपनीतच जन्मला. १९७५ साली स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरानं तो जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, सोळा बॅटऱ्या, फोटो काळा-पांढरा, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर चढायला तेवीस सेकंद. मग तो टीव्हीवर पाहायचा. ज्या कंपनीचं पोट रोलवर चाललं होतं तिच्याच घरात रोल मारणारं पोर जन्मलं. आमच्या वावरात यायला त्याला बत्तीस वर्षं लागली.

२००७ च्या फेब्रुवारीत, कापूस विकल्यावर, मी नागपूरला सीताबर्डीवरून एक स्वस्तातला डिजिटल कॅमेरा आणला. पाच हजार नऊशे रुपये. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १९९० रुपये होता, म्हणजे तीन क्विंटल कापूस झाला. बायको दोन दिवस बोलली नाही. पोरगा बारावीला होता, त्याच्यासाठी घेतला असं मी सांगितलं, ते खोटं होतं. मलाच पाहिजे होता. दहावीनंतर शाळा सुटली ती बापाच्या आजारपणानं, पण चित्र काढायची हौस काही सुटली नव्हती.

कॅमेरा तीन मेगापिक्सेलचा. दोन पेन्सिल सेल लागायचे, आणि साधे सेल टाकले तर आठ-दहा फोटोंत जीव सोडायचा. मागचा पडदा दुपारच्या उन्हात काहीच दाखवत नसे, डोक्यावर दुपट्टा घेऊन पाहावं लागे. बटण दाबलं की दम खाऊन फोटो निघे, तोवर लेकरू पळालेलं, बैलानं मान वळवलेली. पण रोल नव्हता! फसला तर पुसा अन् पुन्हा काढा. कार्डात तीन-चारशे फोटो बसायचे. बारा फोटोंच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला हे पाण्यासारखं वाटलं. मी पऱ्हाटीचे काढले, धुऱ्यावरच्या बोरीचे काढले, कापूस वेचणाऱ्या बायांचे काढले. त्या हसत म्हणत, "भाऊ, आमचा काढून काय करतं, पेपरात देतं का?"

पेपराचं नाव त्या वर्षात वाईट कारणानं तोंडात होतं. आमच्या जिल्ह्यात शेतकरी मरत होते, आणि कॅमेरे आमच्याकडं मुंबई-दिल्लीहून येत होते. १ जुलै २००६ ला पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्याच्या आधी अन् नंतर गाड्याच गाड्या. मोठमोठे कॅमेरे, हातभर लेन्सा. प्रत्येकाला एकच फोटो पाहिजे असे, दारात बसलेली बाई अन् तिच्या हातात नवऱ्याचा फोटो. त्यांचं काम ते करत होते, मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळंच बाहेर कळलं. पण हातात धरायला फोटो घरात असावा लागतो, हे त्यांच्या कोणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

२००७ चा पोळा सप्टेंबरात आला. दादांची जोडी गावात देखणी होती. शिंगांना बेगड, पाठीवर नवी झूल. झूल उधारीवर आणली होती, ते मला नंतर कळलं. तोरणाखाली त्यांनी मला हाक मारली, "ये रे, काढ आमचा फोटू." एका बाजूला बैल, मध्ये दादा, बैलाचा कासरा धरून त्यांची आठ वर्षांची पोरगी, नवा फ्रॉक घातलेली. मी बटण दाबलं, कॅमेऱ्यानं दम खाल्ला, तेवढ्यात बैलानं मान हलवून पोरीच्या कानाशी फुस्स केलं. पोरगी दचकली अन् दादा खदखदून हसले. तो फोटो निघाला. त्यांना पडद्यावर दाखवला तर म्हणाले, "ह्या पुसू नोको."

दिवाळीनंतर पंधरवड्यानं दादांनी जीव दिला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते. सोसायटीचं कर्ज होतं, सावकाराचंही होतं, आणि त्या वर्षी कापूस काही वाईट नव्हता, म्हणून कोणाच्या मनात आलं नाही. आमच्या दोघांच्या वावरात एक धुरा. मी त्या आठवड्यात त्यांच्याशी तीनदा बोललो होतो, बोंडअळीबद्दल.

तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या. घरात ओळखपत्राशिवाय फोटो नव्हता. "भाऊजी, तुमच्या डब्ब्यात हाय ना त्यायचा?" मी कार्ड घेऊन यवतमाळला एका स्टुडिओत गेलो. पोरानं संगणकावर फोटो उघडला आणि विचारलं, कोट-टाय चढवू का? तशी पद्धत होती, मेलेल्या माणसाला कोट चढवायची. मी नाही म्हटलं. त्यानं पोरगी कापली, बैल कापला, मागं निळा रंग भरला. घाईत होता, दोन लग्नाचे अल्बम बाकी होते. दादांच्या उजव्या खांद्यावर शिंगाचं टोक राहून गेलं, बेगडासकट. घरी आल्यावर दिसलं. बदलून आणतो म्हटलं तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. थो बी घरचाच हाय."

चौकशीला माणसं आली तेव्हा फोटो भिंतीवर लागला होता. त्यातले एक साहेब बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. मग विचारलं, "हा फोटो कधीचा?" वहिनींनी सांगितलं, पोळ्याचा. साहेब काही बोलले नाहीत, पण त्या विचारण्यात जे होतं ते ओसरीतल्या सगळ्यांना कळलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी एवढा हसणारा माणूस कर्जानं कसा मरेल? मदतीचं प्रकरण पुढं अपात्र ठरलं. त्याचं कारण फोटो नव्हता, सातबारा होता. जमीन अजून म्हाताऱ्याच्या नावावर होती. एक लाखाची मदत मिळाली नाही. तरी मला कितीतरी दिवस वाटत राहिलं की गंभीर चेहऱ्याचा एखादा फोटो मी काढायला पाहिजे होता. वहिनींना हे एकदा बोललो तर त्या चिडल्या. "हासत नोको का मानसानं?" म्हणाल्या.

त्या कॅमेऱ्याचं राज्य फार चाललं नाही. २०११-१२ पर्यंत गावात पोट्ट्यांच्या हातात कॅमेऱ्याचे मोबाइल आले. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात डिजिटल कॅमेरे बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. माझ्या कॅमेऱ्याचं सेलचं झाकण तुटलं होतं, मी रबर लावून वापरत होतो. मग तोही पेटीत गेला.

आणि फोटो? कार्ड भरलं की पोरगा सीडीवर उतरवून द्यायचा, मग कार्ड पुसायचो. सीड्या कपाटात ठेवल्या. दोन पावसाळ्यांत ओल चढली, चांदीवर बुरशीचे ठिपके पडले. दहाव्या वर्षी लावून पाहिल्या तर मशीन नुसतं घरघर करत राहिलं. एक शेवटचं कार्ड मी पुसलं नव्हतं. पोळ्याचा फोटो त्यात होता, दादांनी पुसू नको म्हटलं होतं म्हणून. ते एकदा दुसऱ्या यंत्रात टाकलं, पडद्यावर इंग्रजीत काही प्रश्न आला, मी घाईत हो दाबलं. कार्ड कोरं झालं. दहावीपर्यंतचं माझं इंग्रजी तेवढंच आहे. यात दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

म्हणजे १९८४ चं लग्न आहे, १९९४ चं इंजिन आहे, आणि २००७ पासूनची पाच-सहा वर्षं नाहीत. घरोघरी विचारून पाहिलं. ज्यांनी ज्यांनी त्या काळात असे कॅमेरे घेतले त्यांच्याकडं हेच. छापायचे पैसे वाचले म्हणून कोणी छापले नाहीत. आमच्या जिल्ह्याची सगळ्यांत कठीण वर्षं ती. बाहेरच्यांनी काढलेले फोटो कुठंकुठं असतील, दारात बसलेल्या बायांचे. त्याच घरातल्या बारशाचे, पोळ्याचे, हुरड्याचे, आम्हीच काढलेले, ते गेले.

आता तर फोटो काढल्याशिवाय कास्तकाराचं चालत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, वावरात उभं राहून पिकाचा फोटो मोबाइलवर चढवायचा. २०२४-२५ पर्यंत पीक बुडालं तर बहात्तर तासांच्या आत विम्याला कळवावं लागे, त्यालाही फोटो. मी चढवतो. सोयाबीनचे माझे कितीतरी फोटो सरकारजवळ आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला जे होतं ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मले आठवते काका, त्यानं माह्या कानात फुस्स केलं होतं." मग ती घरी गेली, भिंतीवरचा बापाचा फोटो खाली काढला आणि काच पदरानं पुसली. काचेवर उजेड चमकत होता म्हणून मी फोटो दारात धरला आणि तिनं मोबाइलनं त्याचा फोटो घेतला. पहिल्यात माझा अंगठा आला. दुसरा चांगला निघाला. तिचं लेकरू वाकून पाहत होतं. त्यानं खांद्यावरच्या त्या टोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय हाय?"

"बैल हाय," ती म्हणाली. "इकडं उभा होता. अन् त्याच्या बाजूनं मी."