आनंदवृक्ष आणि नरक्या

संगमेश्वर तालुक्यांतून सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाऊं लागलें म्हणजे दाट रानाच्या सांवलींत एक लहानसें झाड आढळतें. त्याच्या फुलांस इतकी दुर्गंधि येते कीं, लोकांनीं त्याचें नांवच 'नरक्या' ठेवलें. ना तुळईस उपयोगी, ना नांगरास. त्यामुळें हें झाड मुद्दाम शोधीत कोणी रानांत जात नसे. तेंच त्याचें संरक्षण होतें!

हें संरक्षण ज्या घटनेनें नाहींसें झालें तिचा आरंभ कोंकणांत नव्हे, चीनमध्यें आहे. तेथें 'शी-शू', म्हणजे आनंदवृक्ष, या नांवाचें एक झाड असून तेथील लोकवैद्यकांत त्याचा उपयोग होत आला आहे. याच झाडाच्या लाकडांतून १९६६ सालीं अमेरिकेंत मन्‍रो वॉल व मनसुख वाणी यांनीं 'कॅम्प्टोथेसिन' हें कर्करोगविरोधी द्रव्य वेगळें केलें. हे वाणी १९२५ सालीं आपल्या नंदुरबारास जन्मले होते, हें आम्हां महाराष्ट्रीयांस क्वचितच ठाऊक असतें.

द्रव्य सांपडलें, पण औषध सांपडलें नव्हतें. तें पाण्यांत विरघळेना, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रोग्यांस देण्यांत आला. तेव्हां कित्येकांच्या मूत्राशयांतून रक्त जाऊं लागलें व नवीन रक्तपेशी तयार होणें मंदावलें. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच हे प्रयोग थांबवावे लागले. तें पेशींत नेमकें कोठें आघात करतें याचा उलगडा १९८५ च्या सुमारास झाला. आणि त्याचें रूप पालटून केलेलीं औषधें, जपानांत इरिनोटेकन १९९४ सालीं व अमेरिकेंत टोपोटेकन १९९६ सालीं, मान्य झालीं. मूळ द्रव्य व मान्य औषध यांमध्यें जवळजवळ तीस वर्षें गेलीं. तेव्हां 'कर्करोगावरील झाड' एवढेंच ऐकून कोणास नरक्याच्या सालीचा काढा करण्याचा मोह होईल, तर त्यानें त्या पहिल्या रोग्यांचें स्मरण करावें. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, ही आमच्या घराघरांतील समजूत येथें अगदींच लंगडी पडते.

आतां नरक्याकडे वळूं. १९७२ सालीं मुंबईस गोरेगांवच्या सिबा संशोधन केंद्रांतील गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनीं हेंच द्रव्य या आमच्या झाडांत असल्याचें दाखविलें. कुळ निराळें, देश निराळा, द्रव्य मात्र एकच! निबंध रसायनशास्त्रज्ञांसाठीं होता. त्याचा भाव पुढें बाजारानें ठरविला. लाकडांत हें द्रव्य शेंकडा एक भागहि नसतें. म्हणजे एक किलो द्रव्यासाठीं शंभर किलोंहून कितीतरी अधिक माल लागणार. कोंकणांत व घाटमाथ्यावर झाडांमागून झाडें पडूं लागलीं, आणि लाकडाचे तुकडे गोणींत भरून बाहेर जाऊं लागले.

रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारी जंगल अत्यल्प. रान बहुतेक खाजगी मालकीचें. माल वजनावर विकला जाई, म्हणून फांदी तोडून झाड राखण्यांत कोणाचाच लाभ नव्हता. ज्यानें कुऱ्हाड चालविली त्याच्या हातीं मजुरी आली. मोठी किंमत दूरच्या कारखान्यांत वाढली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें गांवोगांव समित्या व गांवाच्या वनस्पतींच्या नोंदवह्या आणल्या, आणि व्यापाऱ्याच्या नफ्यांत गांवाचा वांटा मानला. कल्पना न्याय्यच. परंतु झाडाचे एकदां बारीक तुकडे झाले म्हणजे तें कोणाच्या रानांतलें, पुसून तोडलें कीं चोरून, हें गोणी सांगत नाहीं. आणि रोग्याच्या हातांतील कुपीवर तर गांवाचें नांव असण्याचा प्रश्नच नाहीं.

नरक्याचा बुंधा जमिनीवर राखला तर त्यास पुन्हा धुमारे फुटतात. पण द्रव्य मुळांच्या सालींतहि पुष्कळ असतें, आणि वजनावर पैसे घेणारा मूळ जमिनींत ठेवीत नाहीं.